घर घेणारा की भांडवल पुरविणारा?

(नव्या इमारतींत सदनिका नोंदवू इच्छिणाऱ्या कामगार-कर्मचाऱ्यांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



जुडीभर कोथिंबीर घेताना ती उलटीपालटी करून पाहणारा माणूस आयुष्यातील सर्वांत मोठी खरेदी मात्र एका रंगीत पत्रकावरून आणि तात्पुरत्या उभारलेल्या नमुना सदनिकेवरून ठरवितो. यात त्याच्या बुद्धीचा दोष नाही. पाहण्याजोगी वस्तूच तेव्हा अस्तित्वात नसते. असते ती जमीन, एक नकाशा आणि वचन. या वचनाची किंमत आपण हप्त्याहप्त्याने आगाऊ देतो आणि तरीही स्वतःला गिऱ्हाईक म्हणवितो. आपण गिऱ्हाईक नाही, हेच मला आज मुख्यतः सांगावयाचे आहे.

आकड्यांकडे पाहू. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम २०१६ साली झाला आणि २०१७ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्याखालील नियम केले. या नियमांसोबत विक्रीकराराचा एक नमुना जोडलेला आहे. त्यातील हप्त्यांची कमाल मर्यादा अशी : करार झाल्यावर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, जोते झाल्यावर ४५ टक्क्यांपर्यंत, सर्व स्लॅब पूर्ण झाल्यावर ७० टक्क्यांपर्यंत. म्हणजे खोल्यांच्या भिंती, गिलावा, फरशी, दारे-खिडक्या यांचा टप्पा येण्यापूर्वीच पावणेतीन चतुर्थांशाहून अधिक रक्कम आपल्या खिशातून गेलेली असू शकते. लिफ्ट, पंप आणि विजेची जोडणी होईपर्यंत ९५ टक्के. भोगवटा प्रमाणपत्र मिळून ताबा घेताना आपल्या हाती उरतात ते अवघे ५ टक्के. आणि हा खरेदीदाराच्या रक्षणासाठी केलेल्या कायद्यातील नमुना आहे, कोणा लबाड व्यापाऱ्याने रचलेला नव्हे!

यावर बँकेच्या कर्जाचे व्याज चढते. मुंबईत मुद्रांक शुल्क अधिभारासह ६ टक्के. बांधकाम चालू असलेल्या घरावर वस्तू व सेवा कर ५ टक्के, परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसल्यास १ टक्का. ताबा मिळेपर्यंत राहत्या जागेचे भाडे चालूच असते. ताबा वर्षभर लांबला तर कर्जाचा हप्ता आणि भाडे ही दुहेरी ओढ एका पगारावर पडते. मुलांच्या शिक्षणावर आणि म्हाताऱ्यांच्या औषधावर प्रथम कात्री लागते ती अशा घरांत.

तेव्हा व्यवहाराचे खरे स्वरूप काय? बिल्डर आपल्याला घर विकतो हे अर्धसत्य आहे. त्याच्या धंद्याला लागणारे भांडवल आपण पुरवितो, हे उरलेले अर्धे. ही समाजवाद्यांची अतिशयोक्ती आहे असे कोणास वाटत असेल, तर संसदेनेच ते मान्य केले आहे. २०१८ मध्ये दिवाळखोरीविषयक कायद्यात दुरुस्ती होऊन सदनिका नोंदविणाऱ्यांना ‘वित्तीय धनको’ म्हणजे बँकांच्याच पंक्तीतील कर्ज देणारे ठरविण्यात आले आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली ही दुरुस्ती वैध ठरविली. पुढल्याच वर्षी मात्र अट आली : कारवाई सुरू करावयाची तर एकाच प्रकल्पातील किमान १०० किंवा एकूण नोंदणीदारांच्या १० टक्के, यांपैकी जी संख्या कमी असेल तितक्यांनी एकत्र यावे. बँकेवर अशी अट नाही. बँक पैसे देण्यापूर्वी जमीन गहाण घेते. आपल्याजवळ नोंदवलेला करार आणि पावत्यांची चवड असते. धोका भांडवलदाराचा आणि अधिकार गिऱ्हाइकाचा, अशी ही विषम जोडी आहे.

कायद्याने काहीच दिले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. नोंदणीकृत करारावाचून १० टक्क्यांहून अधिक रक्कम आता घेता येत नाही. (१९६३ च्या महाराष्ट्र मालकी सदनिका कायद्यात हीच मर्यादा २० टक्के होती.) नोंदणीदारांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवून ते त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर व बांधकामावर खर्च करावे लागतात. दर चटई क्षेत्रावर सांगावा लागतो. जिन्याचा आणि लॉबीचा वाटा मिसळून फुगविलेल्या क्षेत्रफळाची जादू त्यामुळे बरीच ओसरली. बांधणीतील दोष पाच वर्षांत दाखविल्यास बिल्डरने तो विनामूल्य दुरुस्त करावयाचा आहे. ताबा लांबल्यास व्याज, किंवा नोंदणी रद्द करून व्याजासह पैसे परत, हा हक्क आहे. वाहनतळाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच सांगितले की, खुली वा खांबांखालची जागा स्वतंत्रपणे विकता येत नाही.

परंतु प्राधिकरणाचा आदेश हाती पडणे आणि पैसा हाती पडणे यांत अंतर आहे. बिल्डरने आदेश पाळला नाही तर रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल व्हावयाची असते, म्हणजे कागद जिल्हाधिकारी कचेरीत जातो. तेथे तो किती जलद हलतो, हे सात-बाऱ्याच्या उताऱ्यासाठी खेटे घातलेल्यांना मी काय सांगावे?

आणि इमारतीखालची जमीन? १९६३ चा कायदा उगाच आला नव्हता. घरांच्या तीव्र टंचाईत सदनिकांच्या विक्रीत जे गैरप्रकार माजले, त्यांच्या चौकशीसाठी शासनाने समिती नेमली आणि तिच्या अहवालानंतर तो झाला. त्याखालील नियमांनी सांगितले की, सहकारी संस्था नोंदल्यापासून चार महिन्यांत जमीन व इमारत तिच्या नावे करून द्यावी. असंख्य संस्थांच्या बाबतीत हे वर्षानुवर्षे घडलेच नाही. का घडावे? जमीन नावावर राहिली की पुढे वाढणाऱ्या चटई क्षेत्र निर्देशांकावर हक्क सांगता येतो. पुनर्विकासाच्या वेळी संस्थेची अडवणूक करता येते. शेवटी २००८ मध्ये मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद अमलात आली. आता बिल्डर सही करीत नसेल तर संस्था जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून हक्क मिळवू शकते. पंचेचाळीस वर्षांनी शासनाने आपल्याच कायद्यावर ठिगळ लावले, हा त्या कायद्याच्या अंमलबजावणीवरील सर्वांत बोलका अभिप्राय होय.

या सर्व अनर्थाचे मूळ माझ्या मते क्रमात आहे. आज बिल्डर आधी येतो, मग पैसा, मग इमारत, आणि संस्था सर्वांत शेवटी. मुंबईत गृहनिर्माण सहकाराचा आरंभ नेमका उलट क्रमाने झाला होता. १९१५ साली गावदेवीला श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या प्रेरणेने सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली, ती प्रथम संस्था म्हणून. जमीन आणि इमारती तिच्या. अलीकडचे उदाहरण आपल्या घरचेच आहे. मृणालताई गोरे, बाबुराव सामंत व त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषदेच्या द्वारे कमाल जमीन धारणा कायद्याखालील अतिरिक्त जमिनीसाठी लढा दिला आणि गोरेगाव पूर्वेला दिंडोशीत अल्प उत्पन्नाच्या हजारो कुटुंबांची घरे उभी राहिली. १९७६ चा तो कायदा महाराष्ट्राने २००७ साली रद्द केला. त्यामुळे घरे स्वस्त होतील असे तेव्हा सांगण्यात आले होते. ती कोठे स्वस्त झाली, हे सांगणाऱ्यांनीच दाखवावे.

तो कायदा उद्या परत येणार नाही. परंतु क्रम काही अंशी पालटण्याची सोय आजच्या कायद्यातही आहे आणि तिच्याकडे आपले लक्ष नाही. निम्म्याहून अधिक सदनिका नोंदल्या गेल्या की तीन महिन्यांच्या आत संस्थेच्या नोंदणीसाठी अर्ज करणे बिल्डरवर बंधनकारक आहे. इमारत पूर्ण होण्याची वाट पाहावयाची नाही! मंजूर नकाशात बदल करावयाचा तर दोन-तृतीयांश नोंदणीदारांची लेखी संमती लागते. करारात आगाऊ घेतलेली सरसकट संमती पुरेशी नाही, असे मुंबई उच्च न्यायालयानेही म्हटले आहे. ही संमती एकेकट्याकडून गोड बोलून मिळविता येते. संस्थेकडून मिळविणे तितके सोपे नाही.

म्हणून येथून गेल्यावर दोन कामे करा. महारेराच्या नोंदणी क्रमांकावरून प्रकल्पाचे कागद काढा : जमीन कोणाची, बोजा कोणाचा, दावे कोणते, पूर्णत्वाची तारीख कोणती आणि ती किती वेळा वाढविली. मंजुरी किती मजल्यांची आहे तेही पाहा. वरळीच्या कँपा कोला आवारात पाच मजल्यांची परवानगी असता एक इमारत वीस मजल्यांपर्यंत गेली आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने वरच्या मजल्यांना संरक्षण नाकारले, तेव्हा तेथील रहिवाशांची हयात त्या घरांत गेली होती. दुसरे काम याहून अवघड. आपल्याच इमारतीत आणखी कोणी सदनिका नोंदविल्या आहेत ते शोधून काढा. बिल्डरच्या कचेरीत प्रत्येकाला वेगळ्या वेळी, वेगळ्या टेबलावर बोलावतात आणि दरही वेगवेगळा सांगतात. त्या टेबलांवरची माणसे एका सतरंजीवर बसली की पहिला ठराव संस्था-नोंदणीच्या अर्जाचा करा, आणि त्याची प्रत बिल्डरला पोच घेऊन द्या.