बंदरात आलेला अनोळखी शंख
(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



चतुर्थीचे दिवस, घरोघरी सोवळ्याचा स्वयंपाक, आणि आम्ही बोलायला उभे आहोत शंख-शिंपल्यांवर! तेव्हा आधी बाप्पाची परवानगी घेतो. पण वास्कोत राहणाऱ्याला बंदर टाळता येत नाही, आणि आजचा विषय बंदरातूनच निघतो.

गोष्ट आहे काळ्या समुद्राची. जपान, कोरिया आणि चीनच्या किनाऱ्यांवर ‘रापाना’ नावाची एक समुद्री गोगलगाय राहते. हिचा शंख चांगला मुठीपेक्षा मोठा होतो, आतून केशरी-लाल दिसतो. 1940 च्या दशकात, महायुद्ध संपते न संपते तोच, ती हजारो मैल दूर रशियाच्या नोव्होरोसिस्क बंदराजवळ आढळली. ती जहाजांबरोबर तिथे पोचली असावी, असे शास्त्रज्ञ मानतात. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत ती कॉकेशस, क्रिमिया, रुमानिया, बल्गेरिया, तुर्कस्तान अशी सगळ्या किनाऱ्यांवर पसरली.

ही गोगलगाय मांसाहारी आहे. कालवं आणि शिनाणे हे तिचे अन्न. मायदेशी तिला खाणारेही असतात. काळ्या समुद्राचे पाणी मात्र कमी खारट, त्यामुळे तिथे तारामासे जवळजवळ नाहीतच. खायला भरपूर आणि खाणारा कोणी नाही, मग काय होणार? गुदाऊता येथील कालवांचे प्रसिद्ध क्षेत्र तिने उजाड केले.

एक मादी पिवळट आवरणांचे पुंजके घालते, आणि एकेका आवरणात शेकडो अंडी असतात. त्यांतून निघणारी पिल्ले डोळ्यांना दिसणारही नाहीत इतकी बारीक. ती काही आठवडे पाण्याबरोबर वाहत राहतात. खरी मेख इथेच आहे.

रिकामे जहाज हलके असते, लाटांत डगमगते. म्हणून ते माल उतरवलेल्या बंदराचेच पाणी टाक्यांत भरून घेते आणि माल चढवायच्या बंदरात सोडून देते. यालाच बॅलास्ट वॉटर म्हणतात. त्या पाण्यात असली पिल्लेही असतात. 1998 मध्ये हीच गोगलगाय अमेरिकेच्या चेसापीक खाडीत सापडली, तेव्हाही संशय याच पाण्यावर गेला.

आता आपल्याकडे वळू. मुरगाव हे खनिज पाठवणारे बंदर. वर्षानुवर्षे इथून लोहखनिज जपान आणि चीनला गेले. न्यायला येणारी जहाजे रिकामी, म्हणजे पाणी भरून येत. जे बंदर माल देते, ते परक्याचे पाणी घेते, हा साधा हिशेब आहे. रापाना आपल्याकडे आली आहे असे आम्ही म्हणत नाही. पण मध्य अमेरिकेकडचा एक छोटा काळपट शिंपला 1960 च्या दशकात विशाखापट्टणमला आणि पुढे मुंबई बंदरात येऊन बसला, हे मात्र खरे.

उपाय सुरू आहेत. 2000 च्या सुमारास बॅलास्ट पाण्यावरच्या जागतिक प्रकल्पात मुंबई आणि काळ्या समुद्रावरचे ओडेसा ही दोन्ही बंदरे होती. 2004 साली आंतरराष्ट्रीय करार झाला, तो 8 सप्टेंबर 2017 पासून लागू आहे. सुरुवातीला हे पाणी भर समुद्रात बदलले तरी चालत असे; 2024 पासून मात्र त्यातले जीव मारूनच सोडा, असे तो सांगतो. आपल्या समोरच, जुवारीच्या पलीकडे दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथेही या विषयावर काम झाले आहे.

मग आपण काय करायचे? काळ्या समुद्राची गोष्ट एकच शिकवते: असा जीव पसरल्यावर परत पाठवता येत नाही. तुर्कस्तान आणि बल्गेरियाने शेवटी रापाना पकडून तिचे मांस परदेशी विकायला सुरुवात केली. चार पैसे मिळाले, पण तळ खरवडणाऱ्या जाळ्यांनी समुद्राचे आणखी नुकसान झाले. वेळ असते ती सुरुवातीलाच, पहिले चार-दोन शंख दिसतात तेव्हा. आणि ते दिसतात कोणाला? ओहोटीला तिसऱ्या आणि कालवं काढणाऱ्या बायकांना, रापणीवरच्या माणसांना.

पण अनोळखी कोण ते कळायला घरचे कोण ते माहीत हवे. आपल्या आजीला दहा प्रकारच्या शिंपल्यांची नावे येत. आपल्या मुलांना किती येतात? बाजारात त्यांना बरोबर न्या, विकणाऱ्या बाईला नाव विचारा. किनाऱ्यावर काही वेगळे दिसले तर फोटो आणि जागा टिपून जाणकारांकडे पाठवा. घरच्या काचेच्या टाकीतले मासे-गोगलगायी कंटाळा आला म्हणून ओहोळात सोडू नका.

शेवटी एक सांगू. बाहेरून आलेला तो वाईट, असा याचा अर्थ कोणी काढू नये. आपली घराणीही कधीतरी बाहेरूनच इथे आली, आणि इथलीच झाली. रापानाचा दोष परकेपणाचा नाही. तिला आवर घालणारे तिथे कोणी नव्हते, आणि वेळेवर लक्ष कोणाचे गेले नाही. लक्ष ठेवणे तेवढे आपल्या हातात आहे.

 गणपती बाप्पा मोरया!