पंधरा मिनिटांनंतर



२००५ साली डेव्हिड हाइनमायर हॅन्सन या डॅनिश प्रोग्रामरची एक चित्रफीत डेव्हलपरांमध्ये हातोहात फिरली. तीत तो पंधरा मिनिटांत ब्लॉग चालवणारी वेब-प्रणाली उभी करून दाखवतो. डेटाबेसमध्ये एक टेबल केले, कोडमध्ये 'स्कॅफोल्ड' अशी एक ओळ लिहिली, की नोंद भरायचा फॉर्म, नोंदींची यादी, दुरुस्तीची आणि काढून टाकायची सोय, सगळे ब्राउझरमध्ये हजर. त्या फ्रेमवर्कचे नाव 'रूबी ऑन रेल्स'. 'बेसकॅम्प' नावाचे एक चालू उत्पादन बनवताना तयार झालेला पाया वेगळा काढून त्याने तो २००४ मध्ये सर्वांना खुला केला होता. जावाच्या दुनियेत एवढ्याच कामासाठी एक्सएमएलच्या सेटिंग-फायली लिहून बोटे दुखत, तेव्हा ही पंधरा मिनिटे पाहून तरुण डेव्हलपर भारावले यात नवल नाही. पण त्याच वेळी बऱ्याच अनुभवी मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या. झटपट वेब-प्रणाली बनवून देणारे प्रत्येक नवे साधन आले की त्या आठ्या पुन्हा दिसतात, आणि बाहेरचा माणूस म्हणतो की या लोकांना नवे काही सोसत नाही. मला आज त्या आठ्यांची बाजू मांडायची आहे. त्यांच्यामागे कष्टाने मिळवलेले एक ज्ञान आहे. पण ते ज्ञान डेव्हलपर स्वतः अनेकदा चुकीच्या शब्दांत सांगतात. 'हे खेळणे आहे', 'भार आला की कोसळेल' असे म्हणतात, आणि मग एखादे साधन भार पेलून दाखवते व त्यांची हार होते. खरा आक्षेप निराळा आहे. अशा साधनाचा वेग खरा असतो, पण तो साधनाने आपल्या वतीने धरून ठेवलेल्या गृहीतकांतून येतो. म्हणून साधनाची परीक्षा पहिल्या दिवशी होऊच शकत नाही. ती होते गृहीतक मोडते त्या दिवशी.

हे हवेत राहू नये म्हणून रेल्सच्याच पोटात शिरून पाहू. टेबलाचे नाव अमुक असले की कोडमधल्या वर्गाचे नाव तमुक, प्रत्येक टेबलात ओळखक्रमांकाचा एक रकाना, फायली ठरलेल्या जागी. हे निर्णय आधीच झालेले असल्याने डेव्हलपरचा वेळ वाचतो, आणि तो प्रामाणिकपणे वाचतो. त्यातच आणखी एक सोय होती. ब्राउझरमधून आलेल्या फॉर्मचे सगळे रकाने एकाच ओळीत थेट टेबलाच्या रकान्यांत भरता येत. फॉर्ममध्ये जे दिसते तेवढेच वापरकर्ता पाठवील, हे त्यामागचे गृहीतक. पण ब्राउझरकडून सर्व्हरला काय पाठवायचे हे शेवटी पाठवणाऱ्याच्या हाती असते. फॉर्ममध्ये नसलेला रकाना कोणी हाताने घुसवला, तर तोही निमूटपणे भरला जाई. मार्च २०१२ मध्ये एका तरुणाने रेल्सवरच चालणाऱ्या 'गिटहब' या कोड साठवण्याच्या संकेतस्थळावर हेच करून दाखवले. कोड बदलण्याची मुभा देणारी आपली किल्ली त्याने तिथल्या रेल्सच्या प्रकल्पाला जोडली आणि रेल्सच्या मूळ कोडमध्येच बदल टाकला. गिटहब चालवणारे लोक नवशिके नव्हते, हे इथे ध्यानात घेतले पाहिजे. रेल्सने लगेच मूळ सेटिंग बदलले आणि २०१३ च्या चौथ्या आवृत्तीत कोणते रकाने स्वीकारायचे हे डेव्हलपरने स्पष्ट लिहिण्याची पद्धत घातली. म्हणजे काही ओळी पुन्हा लिहिणे आले. जो निर्णय टाळल्यामुळे वेळ वाचला होता, तो निर्णय नाहीसा झालेला नव्हता, नुसता नजरेआड गेला होता.

साधन आपल्या वतीने सगळे निर्णय घेईल ही आशा रेल्सपेक्षा पुष्कळ जुनी आहे. १९८१ मध्ये ब्रिटनमध्ये 'द लास्ट वन' नावाचा एक प्रोग्राम विकायला आला. तो वापरणाऱ्याला प्रश्न विचारून बेसिक भाषेतला प्रोग्राम स्वतः तयार करी, आणि यानंतर दुसरा प्रोग्राम लिहावाच लागणार नाही, असा दावा त्याच्या नावातच होता. त्याच सुमारास जेम्स मार्टिन यांचे प्रोग्रामरांशिवाय प्रणाली कशा उभारता येतील यावरचे पुस्तक गाजले. १९८६ मध्ये फ्रेड ब्रुक्स यांनी 'नो सिल्व्हर बुलेट' या निबंधात या आशेचे सर्वांत नेटके विश्लेषण केले. सॉफ्टवेअरमधल्या अडचणींचे त्यांनी दोन भाग पाडले: काही अडचणी हत्यारांमुळे येतात, काही मूळ विषयातच असतात. हत्यार सुधारले की पहिल्या कमी होतात. दुसऱ्या मात्र राहतात, कारण रजेचे नियम, कर्जाचे हप्ते, सवलतीचे अपवाद मुळातच गुंतागुंतीचे असतात. एका दशकात एकट्याच्या बळावर दहापट सुधारणा घडवील असे कोणतेही एक तंत्र दिसत नाही, असे त्यांनी लिहिले. ब्लॉगचा डेमो इतका देखणा का होतो याचे उत्तर इथे सापडते. ब्लॉगला मूळची गुंतागुंत जवळजवळ नाहीच. शीर्षक, मजकूर, तारीख. डेमोसाठी विषय निवडणारा माणूस ब्रुक्स यांचा दुसरा भाग आपोआप वगळतो.

आणि डेमो मोजतो काय? पहिली आवृत्ती उभी राहायला लागलेला वेळ. लिएंट्झ आणि स्वान्सन यांनी १९८० मध्ये ४८७ संस्थांच्या संगणक विभागांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत या विभागांचा जवळपास निम्मा वेळ आधीच चालू असलेल्या प्रणालींवर खर्च होत असल्याचे दिसले, आणि त्या श्रमांतही निव्वळ चुका दुरुस्त करण्याचा वाटा सुमारे पाचवा भागच होता. बाकीचा मोठा भाग नव्या मागण्यांचा आणि बदललेल्या परिस्थितीचा. पुण्यात हिंजवडीला किंवा मगरपट्ट्यात जी मराठी मुलेमुली परदेशी क्लायंटची कामे करतात, त्यांच्यातल्या कितीजणांचा दिवस दुसऱ्या कोणी कधीकाळी घाईने बांधलेल्या प्रणालीत एक नवा नियम बसवण्यात जातो, हे त्या क्षेत्रातल्या कोणालाही विचारून पाहावे. त्यांना पंधरा मिनिटांचे अप्रूप कमी वाटते, कारण त्यांची नोकरी सोळाव्या मिनिटाला सुरू होते.

गृहीतक मोडल्यावर काय होते याची उदाहरणे पाहिली, की साधनांमधला फरक दिसू लागतो. मायक्रोसॉफ्टने २००२ मध्ये 'वेब फॉर्म्स' आणले. खिडकीवर बटण ओढून आणायचे, त्यावर दोनदा क्लिक करून कोड लिहायचा. डेस्कटॉपवर व्हिज्युअल बेसिकमध्ये काम केलेल्यांना ते घरचेच वाटले. पण वेबला आधीच्या विनंतीची आठवण नसते. ती आठवण आहे असा आभास टिकवण्यासाठी पानाची सगळी अवस्था एका लपलेल्या रकान्यात भरून ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात दर वेळी ने-आण केली जाई. पान मोठे झाले की तो रकाना फुगे, आणि पान संथ का झाले हे शोधणाऱ्याला, वेबच्या देवाणघेवाणीच्या ज्या एचटीटीपी नियमांपासून त्याला जपून दूर ठेवले होते, तेच नियम आता घाईत शिकावे लागत. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये नव्याने लिहिलेल्या 'एएसपी डॉट नेट कोअर' या वेब-फ्रेमवर्कमध्ये वेब फॉर्म्सला जागा मिळाली नाही. मायक्रोसॉफ्टचेच २०११ चे 'लाइटस्विच' त्याहून अल्पायुषी ठरले. धंद्याच्या प्रणाली जवळपास कोडशिवाय करता येतील असे सांगणारे ते साधन आरंभी 'सिल्व्हरलाइट' या ब्राउझरच्या जोड-प्रणालीवर उभे होते. सिल्व्हरलाइट मागे पडले आणि २०१६ मध्ये लाइटस्विचही थांबवत असल्याचे जाहीर झाले. गूगलचे झटपट ॲप बनवण्याचे साधन 'ॲप मेकर' जानेवारी २०२१ मध्ये बंद झाले. तिथल्या ॲपचा कोड दुसऱ्या मंचावर थेट नेता येणार नाही, असे गूगलनेच ग्राहकांना कळवले होते. डेटा वाचला, पण कामाचे सारे नियम पुन्हा लिहिणे भाग पडले. याउलट फेसबुकने 'पार्स' ही मोबाइल आणि वेब ॲपची तयार मागची बाजू पुरवणारी सेवा २०१७ मध्ये बंद केली, तेव्हा तिच्या सर्व्हरचा कोड आधीच खुला केला होता. ज्यांना जमले ते तो कोड स्वतःच्या यंत्रावर चालवत राहिले. त्रास त्यांनाही झाला, परंतु वाट होती.

गृहीतक मोडल्यावर बाहेर पडायची वाट आहे का, या कसोटीवर पाहिले तर रेल्सबद्दलचे संशयी काही बाबतीत चुकले, हे मान्य केले पाहिजे. गिटहब आणि ऑनलाइन दुकानांची सेवा देणारे शॉपिफाय यांसारखी प्रचंड कामे रेल्सवर वाढली. ट्विटरचीही सुरुवात रेल्सवर झाली. भार वाढल्यावर त्यांनी मागचे भाग एकेक करून स्काला आणि जावा या भाषांकडे नेले. हे स्थलांतर पुष्कळदा रेल्सच्या पराभवाचा पुरावा म्हणून सांगितले जाते. मला ते उलट वाटते. एकेक भाग काढून दुसरीकडे नेता आला, कारण खाली नेहमीची भाषा, नेहमीचा डेटाबेस आणि वाचता येण्याजोगा कोड होता. चित्रफितीतली ती जादूची एक ओळ तर २००७ च्या दुसऱ्या आवृत्तीत रेल्सने स्वतःच काढून टाकली. आरंभीचा कोड फाइलमध्ये लिहून देणारी सोय तेवढी ठेवली, म्हणजे तो डेव्हलपरच्या डोळ्यांसमोर राहील आणि त्याला खोडता येईल. रेल्स टिकण्याचे श्रेय मी पंधरा मिनिटांपेक्षा या निर्णयाला अधिक देतो.

आक्षेप घेतला जातो की हा सगळा युक्तिवाद पोटासाठी आहे, साधने सोपी झाली तर प्रोग्रामरांची गरज संपेल या भीतीतून आलेला. हेतू शोधून युक्तिवाद खोडता येत नाही हे बाजूला ठेवले, तरी इतिहास या आक्षेपाच्या विरुद्ध जातो. १९५० च्या दशकात हाताने यंत्रभाषा लिहिणाऱ्यांना वाटे की भाषांतर करणारा प्रोग्राम आपल्याइतका काटकसरी कोड कधीच देणार नाही. जॉन बॅकस यांच्या चमूने १९५७ मध्ये आयबीएम ७०४ साठी फोर्ट्रान दिले, त्याचा कोड हातच्या कोडच्या जवळ पोहोचला, आणि शंका घेणारेच ते वापरू लागले. पुरावा मिळाल्यावर शंका विरली. फोर्ट्राननेही पुष्कळ काही लपवले, हे खरे. पण ते भाषा म्हणून पूर्ण होते. गणिती कामातली नवी अडचण त्यात मांडता येई, आधी कोणी कल्पिलेल्या अडचणींची यादी पाहावी लागत नसे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. जगातल्या बहुतेक प्रणाली छोट्या असतात. एखाद्या शाळेची स्नेहसंमेलनाची नोंदणी, एखाद्या कार्यालयाचे तक्रारींचे रजिस्टर. तिथे अनुभवी डेव्हलपर आणायला पैसा नसतो, आणि झटपट साधन नसेल तर काहीच होणार नाही. हे मला पूर्ण मान्य आहे. ज्याची अखेर ठरलेली आहे अशा कामाला असे साधन बेलाशक वापरावे. अडचण त्या कामांची, जी छोटी म्हणून सुरू होतात आणि छोटी राहत नाहीत. २०२० च्या शरदात इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य विभागात कोविडच्या चाचण्यांचे निकाल एक्सेलच्या जुन्या स्वरूपातल्या फायलींतून पुढे जात होते. त्या स्वरूपात एका पानावर ६५,५३६ ओळींपलीकडे जागा नसते. रुग्ण वाढले, ओळी गळल्या, आणि १५,८४१ बाधितांची नोंद वेळेवर पुढे गेली नाही. त्यांच्या संपर्कातल्या माणसांचा शोध तितका लांबला. एक्सेल वेबचे साधन नव्हे, पण यंत्रणा तीच. मर्यादा साधनात पहिल्या दिवसापासून होती, आणि ती कुठे आहे हे त्या दिवशी कोणालाच जाणून घ्यावे लागले नव्हते.

आता कोणी म्हणेल, ही चर्चा शिळी झाली. बोललेल्या वाक्यांवरून यंत्र आज पूर्ण वेब-प्रणाली लिहून देते, तीही साध्या प्रचलित भाषेत. म्हणजे मी मागितलेली वाट खुली आहे. कोडच्या बाबतीत हे खरे आहे, आणि म्हणून ही साधने लाइटस्विचच्या रांगेत बसवणे अन्यायाचे होईल. पण डॅनिश संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर यांनी १९८५ मध्ये मांडलेला एक विचार इथे फार उपयोगी पडतो. प्रोग्राम म्हणजे केवळ मजकूर नाही, असे ते म्हणत. तो बनवताना बनवणाऱ्यांच्या मनात एक समज तयार होते, अमुक गोष्ट अशी का आहे आणि बाहेरचे जग बदलले तर कुठे हात घालायचा याची. ती समज असलेली माणसे पांगली की कोड शिल्लक असूनही प्रोग्राम मरतो. यंत्राने लिहिलेल्या कोडचा प्रश्न हाच आहे. मजकूर हाती येतो, पण तो लिहिताना कोणाच्याही मनात ती समज घडलेली नसते. शांतपणे वाचून ती मिळवता येते, त्याला मात्र वेळ लागतो, आणि तो वेळ पंधरा मिनिटांच्या हिशोबात धरलेला नसतो.

तेव्हा पतसंस्था, महाविद्यालय किंवा नगरपालिका यांच्यासमोर कोणी झटपट प्रणालीचा डेमो द्यायला उभे राहिले, तर समितीने त्याच बैठकीत दुसरा डेमो मागावा. आत्ता बनवलेल्या प्रणालीत नियम बदलून दाखवा: एका व्यक्तीला आतापर्यंत एकच खाते होते, आजपासून दोन असतील, आणि जुन्या नोंदी तशाच राहिल्या पाहिजेत. हा बदल विक्रेत्याने आधी ठरवू नये. तो संस्थेच्या कारकुनाने तिथल्या तिथे सुचवावा, कारण कोणते अपवाद येतात हे त्याला ठाऊक असते. मग तोच बदल साधन बनवणाऱ्या कंपनीच्या मदतीशिवाय संस्थेचा माणूस करू शकतो का, हे पाहावे. आणि शेवटी सगळा डेटा नियमांसह बाहेर काढून दाखवायला सांगावे. याला पंधरा मिनिटे पुरणार नाहीत. समितीने त्यासाठी अख्खी दुपार राखून ठेवावी.