उभ्याचा धंदा आणि पायांच्या शिरा
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून शिक्षण, संघटना व विवाह यांविषयी दरवर्षी बोलले जाते. आज आम्ही पायांविषयी बोलणार आहोत. विषय क्षुल्लक वाटल्यास इतकेच ध्यानी घ्यावे की, नाभिकाचा संसार त्याच्या हातांवर चालतो, परंतु ते हात पायांच्या आधारावर असतात.

पुलगावच्या आमच्या दुकानात आम्ही तीस वर्षे सकाळपासून रात्रीपर्यंत उभे राहिलो. पोटरीवरील शिरा दोरासारख्या वळत गेल्या, सायंकाळी घोटा सुजू लागला, कातडी काळवंडली. आम्ही सारे पायजम्याखाली झाकले. कोणी वात म्हणाले, कोणी तेल दिले. अखेर घोट्याच्या आतील बाजूस जखम झाली. ती पाच महिने भरली नाही. दुकान धाकट्या भावाला सांभाळावे लागले.

वास्तविक या व्याधीचे कारण साधे आहे. पायांतील रक्ताला हृदयाकडे वर चढावे लागते. चालताना पोटरीचे स्नायू ते वर ढकलतात आणि शिरांतील इवल्याशा झडपा त्यास खाली उतरू देत नाहीत. एका जागी उभे राहिल्यास पोटरी स्वस्थ बसते व शिरांतील दाब वाढतो. झडपा निकामी झाल्या की रक्त खाली साचून शीर फुगते. ही व्याधी घराण्यात चालत येते. गर्भारपणामुळे भगिनींनाही होते.

पूर्वी जांघेत छेद घेऊन बिघडलेली शीर ओढून काढीत. गेल्या सुमारे पंचवीस वर्षांत लेसरचा उपाय रूढ झाला आहे. सोनोग्राफीत पाहत सुईवाटे बारीक तंतू शिरेत घालतात, भोवती बधिर करणारे द्रव भरतात आणि तंतू हळूहळू मागे घेत उष्णतेने शीर आतून बंद करतात. रक्त खोलवरच्या निरोगी शिरांतून वाट काढते. आम्ही त्याच दिवशी चालत घरी आलो. काही दिवस ठणका व काळेनिळे डाग राहिले, घट्ट मोजे वापरावे लागले. पण जखम भरली.

परंतु लेसर म्हणजे जादू नव्हे. खोल शीर गुठळीने बंद असल्यास हा उपाय घातक ठरू शकतो, म्हणून आधी डॉप्लर तपासणी हवीच. क्वचित उपचारानंतरही गुठळी होते. वर्षांनी दुसरी शीर फुगू शकते.

मुख्य सांगणे हे की, विलंब करू नये. इंग्लंडमध्ये अशा जखमांच्या ४५० रोग्यांवर झालेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. घट्ट पट्ट्या सर्वांनाच होत्या. परंतु ज्यांच्या शिरा लवकर बंद केल्या, त्यांची जखम भरण्यास मध्यमानाने ५६ दिवस लागले, तर थांबविलेल्यांना ८२. आम्ही जे पाच महिने झाकण्यात घालविले, ते आपणांपैकी कोणी घालवू नयेत.

आपल्या जिल्ह्यात सेवाग्रामास १९६९ पासून व सावंगी (मेघे) येथे १९९० पासून वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथील शल्यविभागात पाय दाखवावा. खर्चाची धास्ती असल्यास, कोणता उपचार सरकारी योजनेत बसतो, हे आरोग्यमित्रास आधीच विचारावे.

तरुणांनी दोन गिऱ्हाइकांच्या मधे चार पावले चालावे, टाचा उचलाव्या, रात्री पाय उशीवर ठेवावे. शीर फुटून रक्त वाहिल्यास माणसास निजवून पाय उंच धरावा व स्वच्छ फडक्याने जागा दाबून रुग्णालय गाठावे. दोरीने करकचून बांधू नये.

दुसऱ्यांची डोकी आपण जन्मभर सांभाळतो. आज घरी गेल्यावर प्रत्येकाने दिव्याच्या उजेडात आपले पाय एकदा पाहावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.