बुडी मारण्यापूर्वी

उन्हाळ्याची सुट्टी लागली की गावोगावच्या विहिरी पोरांनी गजबजतात. सूर मारून झाले की पैज लागते, पाण्याखाली जास्त वेळ कोण राहतो? मग बुडी मारण्यापूर्वी एखादा मुलगा भराभर आठ-दहा मोठे श्वास घेतो. जास्त ऑक्सिजन साठेल, असं त्याला वाटतं. ही समजूत जिवावर बेतू शकते.

ऑक्सिजन रक्तात नुसता विरघळून फारसा मावत नाही. 100 मिलिलिटर रक्तात तो असा जेमतेम 0.3 मिलिलिटर असतो. पण तांबड्या पेशींतलं हिमोग्लोबिन त्याला धरून ठेवतं, म्हणून तेवढंच रक्त सुमारे 20 मिलिलिटर ऑक्सिजन वाहून नेतं. निरोगी माणसात हे हिमोग्लोबिन साध्या श्वासानंच 97-98 टक्के भरलेलं असतं. भरल्या घागरीत आणखी किती पाणी मावणार?

जादा श्वासांनी खरा फरक पडतो तो कार्बन डायऑक्साइडमध्ये. पेशींत तयार झालेला हा वायू रक्तातून फुप्फुसाकडे येतो, त्यातला सुमारे 70 टक्के बायकार्बोनेटच्या रूपात. भराभर श्वास घेतले की तो शरीराबाहेर निघून जातो आणि रक्तातलं त्याचं प्रमाण उतरतं.

नेमका इथंच धोका आहे. श्वासाचा ताल मेंदूच्या तळाशी असलेलं मस्तिष्कपुच्छ सांभाळतं आणि एरवी त्याला जाग येते ती कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. हाल्डेन आणि प्रिस्टली या शास्त्रज्ञांनी 1905 साली हे दाखवून दिलं. ऑक्सिजन घटल्याची खबर मानेतल्या धमन्यांजवळचे कॅरोटिड पिंड देतात. त्यांचं कार्य उलगडणाऱ्या कॉर्नील हेमन्स यांना 1938 चं नोबेल पारितोषिक मिळालं. पण ऑक्सिजन बराच घटल्याखेरीज ते जोरानं हाक देत नाहीत, आणि कार्बन डायऑक्साइड उतरलेला असला की ती हाकही क्षीण पडते.

म्हणून पाण्याखालच्या त्या मुलाचा जीव गुदमरत नाही. वर यावंसं वाटण्याआधीच ऑक्सिजन संपत येतो आणि तो पाण्यातच बेशुद्ध होतो. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही हे चुकत नाही.

पोरांना विहिरीवर नेणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे. बुडीपूर्वी त्यांना भराभर श्वास घेऊ देऊ नका. पाण्याखाली राहण्याच्या पैजा लावू देऊ नका. आणि जीव घाबरा झाला की लगेच वर यायचं, यात कसलीही हार नाही, हे त्यांना आजच सांगा.