शस्त्रकर्मापूर्वीचे लंघन



शस्त्रकर्माच्या आधी रोग्याने काय खावे, किती खावे आणि केव्हा थांबावे, या वरकरणी क्षुल्लक वाटणाऱ्या परंतु आपल्या व्यवसायाच्या मर्माला भिडणाऱ्या प्रश्नाकडे मी आज आपले लक्ष वेधू इच्छितो.

मूढगर्भ, उदररोग, अर्श, अश्मरी, भगंदर आणि मुखरोग एवढ्या विकारांत शस्त्रकर्म उपाशीपोटी करावे, एरवी मात्र रोग्याला आधी त्याला रुचेल ते भोजन द्यावे, असा विवेक सुश्रुताने केला होता. भुलीच्या अमलाखाली जठरातील आम्ल फुप्फुसात उतरून केवढा अनर्थ होतो हे मेंडेलसन यांनी १९४६ साली प्रसूतीच्या रुग्णांत दाखविले, आणि त्या रास्त भीतीपोटी रात्री बारानंतर पाण्याचा थेंबही न देण्याचे जे फर्मान रूढ झाले, ते स्वच्छ पेय २ तासांपर्यंत व हलके अन्न ६ तासांपर्यंत बहुतेकांना निर्धोक असल्याचे मान्य झाल्यावरही आपल्या कित्येक वॉर्डांत अबाधित चालू आहे.

परंतु लंघनाचा आणखी एक, फार निराळा विचार गेल्या काही वर्षांत पुढे आला आहे. मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा काही काळ रोखून तो पुन्हा सुरू केला असता पेशींचा जो संहार होतो, तो आधी २ ते ४ आठवडे आहार ३० टक्क्यांनी घटविलेल्या, किंवा केवळ ३ दिवस पाण्यावर ठेवलेल्या उंदरांत लक्षणीय कमी होतो, असे हार्वर्डचे जेम्स मिचेल आणि रॉटरडॅमचे त्यांचे सहकारी यांनी २०१० साली दाखविले. पुढे ट्रिप्टोफॅन या एकाच अमिनो आम्लापासून काही दिवस वंचित ठेवूनही तेच संरक्षण लाभले, आणि अमिनो आम्लाची उणीव ओळखणारे जीसीएन-२ हे प्रथिन ज्या उंदरांत नव्हते त्यांना ते लाभले नाही. त्यावरून असे दिसते, की टंचाईची वर्दी मिळालेली पेशी वाढीचा व्यवहार तहकूब करून स्वसंरक्षणाची सिद्धता करते, आणि आपण शस्त्र लावतो तेव्हा ती आधीच सावध असते. या विचाराचे मला विलक्षण आकर्षण आहे, हे मी मोकळेपणाने सांगतो. मात्र मूत्रपिंडदात्यांवर रॉटरडॅम येथे झालेल्या प्रयोगांतून असा अल्पकालीन मिताहार माणसाला झेपतो एवढे दिसले असले, तरी उंदरांतील संरक्षण माणसात तितक्याच निःसंशयपणे अद्याप सिद्ध झालेले नाही.

आणि येथेच मला आपणांस कळकळीने थांबवावेसे वाटते. पेप्टिक अल्सरच्या शस्त्रक्रियेपूर्वी ज्यांचे वजन २० टक्क्यांहून अधिक घटले होते त्यांतील सुमारे ३३ टक्के दगावले, तर इतरांत हे प्रमाण ३.५ टक्के होते, हा स्टडली यांचा १९३६ सालचा दाखला प्रत्येक शस्त्रवैद्याच्या मेजावर असावा. जखम सांधणारे कोलॅजन प्रथिनांतूनच घडते. दीर्घकाळ अर्धपोटी ठेवलेल्या प्राण्यांच्या जखमा रेंगाळतात, आणि त्यांनाच जखमेच्या आधी पुन्हा पोटभर अन्न दिले तर त्या उत्तम भरतात, असाही अनुभव आहे. मिताहार हे औषध असेल तर त्याला मात्रा आहे, काळ आहे, पात्रापात्रता आहे. सुपोषित, धडधाकट मूत्रपिंडदाता त्याचा अधिकारी ठरू शकेल. मेळघाटातून किंवा नंदुरबारहून क्षयाने झिजून आलेला मजूर, ज्याला उपास दारिद्र्याने आधीच घडविला आहे, तो कदापि नव्हे. त्याला आधी दूध, अंडी, डाळ आणि अवधी द्यावा, व शस्त्रक्रिया थांबण्याजोगी असेल तर ती थांबवावी. शिवाय सकाळच्या यादीतील रोगी दुपारपर्यंत कोरड्या घशाने स्ट्रेचरवर पडून राहतो आणि शेवटी ‘उद्या बघू’ म्हणून परत पाठविला जातो, त्या उपाशीपणाला कोणत्याही शास्त्राचा आधार नाही. ती निव्वळ हयगय आहे, आणि तिची जबाबदारी आपल्यावर, शस्त्रवैद्यांवर आहे.

म्हणून या अधिवेशनाच्या विषयनियामक समितीपुढे मी असा ठराव ठेवतो, की प्रत्येक रोग्याच्या केसपेपरवर गेल्या ६ महिन्यांत घटलेले वजन आणि शेवटच्या घासाची व घोटाची वेळ नोंदविणे आपण सक्तीचे करावे, शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेल्यास रोग्याला तत्काळ पेय द्यावे, आणि ज्या रुग्णालयांत मूत्रपिंडारोपण होते त्यांनी एकत्र येऊन, दात्यांच्या पूर्ण संमतीने, अल्पकालीन मिताहाराची रीतसर परीक्षा हाती घ्यावी. उद्याच्या खुल्या अधिवेशनात या ठरावावर सविस्तर चर्चा व्हावी, अशी माझी विनंती आहे.