बारसे आणि नोंद

(हीरक महोत्सवी माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील व्याख्यान)



शाळेची प्रवेशनोंदवही उघडली, तर एक गोष्ट ध्यानात येते. पूर्वी अनेक घरांत जन्मतारीख कोणी लिहून ठेवीत नसे. ‘पोळ्याच्या आदल्या दिवशीचा’ एवढी आठवण सांगितली जाई आणि गुरुजी लिहितील तीच तारीख जन्मभर खरी ठरे. तो काळ सरला. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांच्या शाळाप्रवेशासाठी, मतदारयादीसाठी आणि सरकारी नोकरीसाठी जन्मदाखला हाच आधार झाला आहे.

विदर्भातून उरला औद्योगिक वसाहतीत आलेल्या कुटुंबाचे मूल येथे जन्मले काय किंवा अमरावतीस जन्मले काय, त्याच्या नागरिकत्वात फरक पडत नाही. भारताचे नागरिकत्व एकच आहे. परंतु त्याच घरातील मुलगा-सून दुबईस वा अमेरिकेस गेली, की प्रश्न वेगळा होतो.

१९५५ च्या नागरिकत्व कायद्याने परदेशी जन्मलेल्या मुलाला प्रथम केवळ पित्याच्या नात्याने नागरिकत्व दिले. १० डिसेंबर १९९२ पासून आईचे नातेही ग्राह्य झाले. ३ डिसेंबर २००४ पासून मात्र नुसते नाते पुरत नाही. जन्मापासून एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंद करावी लागते, आणि मुलाजवळ अन्य देशाचे पारपत्र नाही असे आईवडिलांना लिहून द्यावे लागते. वर्ष उलटल्यास केंद्र सरकारची परवानगी लागते. तेथील रुग्णालयाचा किंवा नगरपालिकेचा दाखला म्हणजे ही नोंद नव्हे. नेमकी येथेच अनेकांची गफलत होते.

देशोदेशींचे नियमही निराळे आहेत. आखाती देशांत जन्मल्याने तेथील नागरिकत्व मिळत नाही. म्हणून तेथील भारतीय आईबाप नोंदीसाठी तत्परतेने धावतात. अमेरिकेत १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने जन्मभूमीचा हक्क दिला. तेथे घाई वाटत नाही आणि निवड नकळत होऊन जाते. पुढे परदेशस्थ भारतीय नागरिकाचे, म्हणजे ‘ओसीआय’ कार्ड मिळते खरे; परंतु नावात नागरिक असूनही त्याला येथे मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. कोणती निवड योग्य, हे ज्याचे त्याने ठरवावे. ती अजाणतेपणी होऊ नये, एवढेच सांगणे.

आणखी एक अडचण आपल्या रीतीतून येते. आपल्याकडे नाव बाराव्या दिवशी, पत्रिका पाहून, आत्याच्या तोंडून ठेवले जाते. भारतात जन्मनोंद आधी करून नाव मागाहून घालता येते. परदेशात पुष्कळ ठिकाणी रुग्णालयातून निघण्यापूर्वीच नाव विचारतात. घाईत लिहिलेले एक नाव, बारशाचे दुसरे आणि आडनावाचे स्पेलिंग तिसरेच, असे झाले की प्रत्येक कचेरीत खुलासे करीत बसावे लागते. म्हणून नाव आधीच ठरवावे. मधले नाव आणि आडनाव आईवडिलांच्या पारपत्राशी अक्षरशः जुळवावे.

उरल्याच्या घरातून आजी दूरध्वनीवर विचारते, “बारसे केव्हा?” त्या प्रश्नास तिने आणखी एक जोडावा: “वकिलातीत नोंद झाली का?” बारशाने बाळ कुळाशी जोडले जाते, देशाशी त्याला जोडणारा कागद आईवडिलांनीच वेळेवर करावयाचा असतो.