निलंबनाचे शस्त्र आणि आपण



५ जुलै २०२१ रोजी महाराष्ट्र विधानसभेने भारतीय जनता पक्षाच्या १२ आमदारांना एका वर्षासाठी निलंबित केले, तेव्हा आपल्यापैकी अनेकांना आनंद झाला होता. मलाही क्षणभर बरे वाटले, हे आधीच कबूल करतो. त्या आनंदाविषयीच आज बोलायचे आहे.

इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणासंबंधीची माहिती केंद्राने द्यावी, असा ठराव त्या दिवशी सभागृहापुढे होता. गोंधळ झाला. तालिका अध्यक्ष भास्कर जाधव यांना दालनात शिवीगाळ झाल्याचा आरोप झाला, विरोधकांनी तो नाकारला. खरे-खोटे ठरविण्यासाठी कोणतीही चौकशी न होता त्याच दिवशी संसदीय कार्यमंत्र्यांनी निलंबनाचा ठराव मांडला आणि तो आवाजी मतदानाने संमत झाला. गैरवर्तनाला शिक्षा नसावी असे माझे म्हणणे नाही. परंतु विधानसभेचा नियम ५३ सदस्याला त्या दिवसापुरते, आणि त्याच अधिवेशनात पुन्हा तसे घडल्यास उरलेल्या अधिवेशनापुरते, बाहेर ठेवू देतो. वर्ष कोठून आले? (अधिवेशन अवघे दोन दिवसांचे होते, हेही लक्षात असू द्या.)

सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०२२ रोजी हे निलंबन अधिवेशनापलीकडे बेकायदा ठरविले. त्यातील एक मुद्दा कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावा असा आहे. सदस्याची हकालपट्टी झाली तर जागा रिकामी होते आणि सहा महिन्यांत पोटनिवडणूक घेणे भाग पडते. वर्षभराच्या निलंबनात मात्र जागा रिकामी होत नाही आणि सदस्यही सभागृहात नसतो. मतदारसंघाने करावे तरी काय? म्हणजे हे निलंबन हकालपट्टीहूनही वाईट. दंड आमदाराला झाला असे आपण म्हणतो, पण ज्याच्या पीकविम्याचा वा पाणीपुरवठ्याचा प्रश्न विचारायचा राहिला तो शेतकरी कोणत्या दालनात शिवीगाळ करायला गेला होता?

आता चार वर्षे मागे जा. २२ मार्च २०१७ रोजी भाजपच्या नेतृत्वाखालील सरकारने काँग्रेस व राष्ट्रवादीच्या १९ आमदारांना ३१ डिसेंबरपर्यंत निलंबित केले होते. अर्थसंकल्प मांडला जात असताना शेतकऱ्यांच्या कर्जमाफीसाठी त्यांनी घोषणाबाजी केली होती. ते निलंबन एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मागे घेतले गेले, पण पायंडा तर पडलाच. त्या १९ जणांत एक नाव होते भास्कर जाधव यांचे! २०१७ मध्ये बाहेर बसविलेला सदस्य २०२१ मध्ये अध्यक्षांच्या आसनावर होता. मार्च २०२५ मध्ये त्यांच्याच नावाची शिफारस उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेने विरोधी पक्षनेतेपदासाठी केली. २८८ जणांच्या सभागृहात विरोधकांतील सर्वांत मोठा पक्ष २० जणांचा, म्हणून संख्याबळाचा वाद पुढे आला, आणि त्या वर्षीचे पावसाळी अधिवेशनही विरोधी पक्षनेत्याविना संपले.

आपण तर कायमच अल्पसंख्येत राहिलेली माणसे. १९६४ मध्ये गोरखपूरचे समाजवादी कार्यकर्ते केशवसिंग यांना उत्तर प्रदेश विधानसभेने हक्कभंगाबद्दल तुरुंगात पाठविले, ते एका पत्रकामुळे. त्यांना जामीन देणाऱ्या उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनाही सभागृहापुढे हजर करण्याचा हुकूम निघाला होता. ज्यांच्या घरात हे घडले आहे, त्यांनी निलंबनाच्या बातमीवर टाळ्या वाजवाव्यात?

उद्या ठरावांवर चर्चा आहे. माझी सूचना अशी की, निलंबनापूर्वी सदस्याचे म्हणणे सभागृहाने ऐकलेच पाहिजे आणि मतदान आवाजी नव्हे तर नावनिशीवार झाले पाहिजे, अशी नियमदुरुस्ती आपण मागावी. भाजपच्या सदस्यासाठीही हीच मागणी का, असे कोणी विचारील. होय, त्याच्यासाठीही.